छोट्या सॉफ्टवेअर धंद्यात या चुका टाळा

दोन-तीन महिन्यांनी एखादा उत्साही पोरगा ऑफिसात येतो, बिलिंग सॉफ्टवेअरचा डेमो दाखवतो आणि विचारतो, ‘सर, वर्षात पाचशे गिऱ्हाइकं कशी करू?’ मी विचारतो, आहेत त्या दहांचे फोन कोण उचलतं? गडी गप्प.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअरची वेगळी प्रत. ही मी स्वतः केलीय. एका हार्डवेअरवाल्या शेठना बिलावर गाडी नंबर हवा, दुसऱ्याला हमालीचा रकाना, तिसऱ्याला थेट जुन्या चोपडीसारखं खातं. ‘एवढंच तर आहे’ म्हणत कोड कॉपी केला, बदलला, पैसे घेतले. २०१७ पर्यंत अशा चौदा प्रती झाल्या. १ जुलैला जीएसटी लागू झाला. व्हॅट काढा, केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी घाला, प्रत्येक मालाचा एचएसएन कोड घाला, बिलाचा नमुना बदला, आणि हे चौदा वेळा. एका प्रतीत काढलेली चूक दुसरीत तशीच. आठवडाभर ऑफिसातच झोपलो. तरी तीन दुकानांनी हातानं बिलं फाडली. त्यातलं एक गिऱ्हाईक कायमचं गेलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

आता प्रत एकच. मागणी आली की वहीत लिहितो. तिसऱ्यानं तेच मागितलं तरच करतो, तेही सेटिंगमधून बंद करता येईल असं. निम्म्या मागण्या मागणाराच विसरतो.

एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराचं, टॅक्स इनव्हॉइस आधीच पाठवू नका. पैसे येवोत न येवोत, १८ टक्के जीएसटी पुढच्याच महिन्यात तुमच्या खिशातून जातो. आधी प्रोफॉर्मा, म्हणजे नुसतं कच्चं बिल, पैसे जमा झाले की इनव्हॉइस. उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा नंबर, बिलावर छापा. अशा छोट्या धंद्यांना लेखी करार नसेल तर १५ आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, हे समोरच्या सीएला बरोबर कळतं.

लाइफटाइम लायसन्स विकू नका. पैसा एकदा, फोन जन्मभर. निम्मी कमाई एकाच गिऱ्हाइकाकडून येत असेल तर ती नोकरीच, फक्त पीएफ नाही. माणूस ठेवण्याआधी त्याचा सहा महिन्यांचा पगार बँकेत हवा.

गुंतवणूकदाराच्या मागे धावणाऱ्यांना मी झोहोचं सांगतो, १९९६ पासून बाहेरच्या भांडवलाशिवाय वाढलेली सॉफ्टवेअर कंपनी. ‘सर, पण ती झोहो आहे.’ अरे, तेव्हा तिचं नावही झोहो नव्हतं!

आणि बॅकअप. ‘घेतलाय’ म्हणणाऱ्याला तो उघडून दाखवायला लावा. मी दर शनिवारी एका तरी गिऱ्हाइकाला त्यासाठी फोन लावतो. परवा एकाच्या पेन ड्राइव्हमध्ये नुसते लग्नाचे फोटो निघाले.