दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर: ट्रेलर आणि जुना पिकअप घेण्याआधी

अमेरिकेत येऊन वर्ष-दोन वर्षं झाली की बहुतेकांना एकदा तरी ट्रेलरचं, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या छोट्या घराचं, वेड लागतं. लाँग वीकेंडला मोटेलचे भाव बघून डोळे पांढरे होतात, आणि पार्कात शेजारच्या जागेवर कुणीतरी स्वतःच्या ट्रेलरच्या पायरीवर बसून निवांत चहा पीत असतं. रात्री घरी आल्यावर फोनवर जाहिराती चाळणं सुरू होतं. मला लागलेलं वेड अजून उतरलेलं नाही. पण पहिल्या खरेदीत मी जेवढा फसलो तेवढं तुम्ही फसायची गरज नाही.

आधी एक शब्द सुधारून घ्या. आपण बोलताना सहज ‘टो ट्रक घ्यायचाय’ म्हणतो. इथे टो ट्रक म्हणजे बंद पडलेली गाडी उचलून नेणारा ट्रक. मी पहिल्यांदा डीलरला फोन करून तेच म्हणालो, तर पलीकडच्या माणसाने काळजीने विचारलं, ‘तुम्ही रस्त्यात अडकलाय का?’ पिकअप म्हणा, नाहीतर टो व्हेइकल.

आणि पैसे. बँका ट्रेलरसाठी दहा-पंधरा वर्षांचं कर्ज हसत हसत देतात. तुमचा एच-वन-बी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा. विसा तीन वर्षांचा आणि कर्ज पंधरा वर्षांचं, हे गणित मला कधीच पटलं नाही. शिवाय नवीन माणसाची क्रेडिट हिस्टरी कोवळी, त्यामुळे व्याजही चढं लागतं. पहिल्या एक-दोन सुट्ट्या भाड्याच्या ट्रेलरमध्ये काढा. बायकामुलांना खरंच आवडतंय का तेही कळेल. आवडलं तर तीन-चार वर्षं वापरलेला, रोखीत परवडेल असा घ्या. नव्या ट्रेलरची किंमत शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच उतरते, आणि नवा म्हणजे निर्दोष असंही नसतं. कारसाठी असलेला लेमन लॉ, म्हणजे सदोष नव्या गाडीची भरपाई मिळवून देणारा कायदा, बऱ्याच राज्यांत ट्रेलरला लागू होत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी लिहायला बसलोय. सगळे आधी ट्रक, म्हणजे पिकअप, घेतात आणि मग त्याला साजेसा ट्रेलर शोधतात. उलटं करा. ट्रेलर कुठला हवा ते ठरवा, त्याचं वजन कागदावर घ्या, आणि मग त्या वजनाचा ट्रक शोधा. विकणारा तुम्हाला टोइंग कपॅसिटी सांगेल: ‘अहो, हा साडेनऊ हजार पाउंड ओढतो, तुमचा सात हजारांचा ट्रेलर म्हणजे किरकोळ!’ तो खोटं बोलत नसतो. फक्त तो आकडा जवळपास रिकाम्या ट्रकचा असतो. ओढायची क्षमता ठरवायचं एसएई जे-२८०७ नावाचं मानक आहे, त्यात ट्रकमध्ये चालक आणि एकच प्रवासी धरतात, प्रत्येकी १५० पाउंडांचे. मागच्या सीटवर मुलं नाहीत, सामान नाही.

तुम्हाला लागणारा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आहे. दार उघडा, खाली वाका. पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये. हा पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत यात काही शे पाउंडांचा फरक पडतो, कारण सनरूफ, चामड्याच्या गाद्या, मोठी केबिन हे सगळं पेलोडमधूनच वजा होतं. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकावर जाऊ नका, समोर उभ्या असलेल्या ट्रकचा स्टिकर वाचा. जाहिरातीत फोटो नसेल तर मागवून घ्या. टाळाटाळ करणाऱ्याला सोडून द्या.

माझ्या पहिल्या ट्रकवर १,४३२ होते. हाफ-टन, म्हणजे एफ-१५० किंवा रॅम १५०० च्या वर्गातला. ट्रेलर भरलेला सात हजार पाउंडांचा. अशा ट्रेलरचं दहा ते पंधरा टक्के वजन हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर, आणि पर्यायाने ट्रकवर पडतं. त्याला टंग वेट म्हणतात. ते धरा ९००. मी, बायको, दोन मुलं मिळून ४५०. वजन वाटून देणारा हिच स्वतःच ९० चा. मागच्या हौद्यात जनरेटर, लाकडं, कूलर, खुर्च्या: १६०. बेरीज १,६००. म्हणजे कागदावर ‘किरकोळ’ असलेल्या ट्रेलरने माझा ट्रक १६८ पाउंडांनी ओव्हरलोड. त्यातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांना ‘तुमचं वजन बसत नाही’ असं कुठल्या तोंडाने सांगणार?

हे मला आधी कळलं नव्हतं. चढावर ट्रकचं नाक वर आणि शेपूट खाली, समोरून येणारे दिवे मारून शिव्या घालत होते. शेवटी एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, गाडी चढवली. तिथे खांबावर बटण असतं. दाबलं की आतली बाई स्पीकरवरून विचारते, पहिलं वजन की पुन्हा? तुम्ही ‘पहिलं, प्रायव्हेट’ म्हणायचं. चिठ्ठीवर पुढच्या आसाचं, मागच्या आसाचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून येतं. ती चिठ्ठी हातात घेऊन मी तिथेच दार उघडून स्टिकर वाचला. आयुष्यात पहिल्यांदा.

ट्रेलरच्या वजनातही मेख आहे. जाहिरातीतलं ड्राय वेट म्हणजे पाणी, गॅस, भांडीकुंडी नसलेला ट्रेलर. गॅलनभर पाणी साधारण ८.३ पाउंडांचं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की तीनशेहून जास्त पाउंड चढले. त्यात आपण कुकर, पोळपाट, तांदळाची पिशवी घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. म्हणून हिशोब नेहमी जीव्हीडब्ल्यूआरवर करा, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती होऊ शकतं त्या आकड्यावर. तो ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यात लावलेला असतो.

चौघांचं कुटुंब आणि सात हजारांचा ट्रेलर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: थ्री-क्वार्टर टन, म्हणजे हाफ-टनच्या वरचा वर्ग, घ्या. एफ-२५० किंवा २५०० वाला, पेट्रोलचा. डिझेलचं इंजिन जड असतं, ते पेलोड खातं, आणि जुन्या डिझेलच्या धूर-यंत्रणेची दुरुस्ती खिसा रिकामा करते. वर्षाला चार सहली करणाऱ्याला डिझेलची हौस परवडत नाही. हाफ-टनच हवा असेल तर ट्रेलर लहान करा.

जुना ट्रक बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा, की इंजिन सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर का ते विचारा. थंड इंजिनच खरं बोलतं. ओहायो-मिशिगनसारख्या राज्यांत बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या ट्रकची फ्रेम खालून गंजते. खाली नुकताच काळा रंग फासलेला दिसला तर खूश होऊ नका, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. हौद्याच्या तळाला मधोमध गोल भोक किंवा बॉल असेल तर गूजनेकने, म्हणजे हौद्यातच जोडायच्या मोठ्या ट्रेलरने, अवजड माल ओढलेला आहे. मागे नुसता हिच दिसला म्हणजे टोइंग पॅकेज आहे असं नाही. तो कुणीही नंतर बसवून घेतो. ट्रेलरच्या दिवे-ब्रेकसाठीचं सात पिनांचं सॉकेट, ट्रान्समिशनचा कूलर, ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर आहेत का ते बघा. शेवटी विकणाऱ्याच्या ओळखीच्या नाही, तिसऱ्याच मेकॅनिककडे नेऊन तपासून घ्या. विकणारा नाही म्हणाला तर तुमचं उत्तर मिळालं.

व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, डॅशबोर्डवर, दारावर आणि टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, एकच हवा. त्यावरून एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर राहिलेले रिकॉल, म्हणजे कंपनीने फुकट करून द्यायच्या दुरुस्त्या, फुकट कळतात. टायटलवर ‘सॅल्व्हेज’ (मोठ्या नुकसानीने बाद ठरलेली) किंवा ‘रीबिल्ट’ (तशीच, पण पुन्हा दुरुस्त केलेली) असेल तर नवख्याने दूर राहावं. विकणाऱ्याचं नाव टायटलवर नसेल, ‘मित्राची गाडी आहे, सही करून ठेवलीय’ म्हणत असेल, तर उठा. डीलरकडच्या जुन्या ट्रकच्या काचेवर बायर्स गाइड, म्हणजे वॉरंटी आहे की नाही ते सांगणारा कागद, चिकटवलेलं असावं लागतं. त्यावर ‘ॲज इज’, म्हणजे ‘आहे तसा’, असेल तर दाराबाहेर पडल्यावर तो ट्रक सर्वस्वी तुमचा, बिघाडांसकट. ट्रेलरचंही टायटल आणि नंबरची पाटी बहुतेक राज्यांत वेगळी असते, ती विसरू नका.

आता ट्रेलर. त्यात एकच शत्रू: ओल. इंजिन नाही की गिअर नाहीत, पण छताच्या फटीतून झिरपलेलं पाणी लाकूड आतून कुजवतं. मी नोव्हेंबरात घेतला. थंडीच्या तोंडावर भाव नरम होतात, हे खरं. पण तेव्हा नळ गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरलेलं असतं आणि पाणी चालवून बघता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. आत गेलो तेव्हा छान लिंबाचा वास. न्हाणीसमोर नवी कोरी चटई. एप्रिलमध्ये चटई उचलली, तर खालची फरशी पायाखाली पावासारखी दबली.

म्हणून तुम्ही चटया उचला. सगळी कपाटं उघडा, पलंगाखाली डोकं घाला, चारही कोपऱ्यांत भिंत अंगठ्याने दाबा. मऊ लागली किंवा चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग दिसला, तर कितीही स्वस्त असला तरी नको. बाहेरून भिंतीकडे उन्हात तिरकं बघा. फायबरग्लासला फुगवटा असेल तर आतला थर सुटलाय. शिडी नेऊन छतावरचं सीलंट बघा. आणि लिंबाचा वास आला तर खिडक्या उघडून दहा मिनिटं थांबा. हिवाळ्यात घेताय तर ‘पाणी चालवून दाखवाल तेव्हाच पैसे’ असं ठरवा.

टायरवर ‘DOT’ या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, तो कधी बनला ते सांगणारे. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. टायर कोरे दिसत असले तरी सहा वर्षांच्या पुढचे बदलायचे, तो खर्च किमतीतून मागा.

वीज एका ओळीत: ट्रेलरचं ३० अँपिअरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं. घरी इलेक्ट्रिशियन कधीकधी ते ड्रायरसारखं २४० चं जोडतो आणि आतली सगळी उपकरणं एका क्षणात जातात. मीटरने मोजून मगच लावा.

घेण्याआधी तुमच्या एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचे, नियम वाचा. कित्येक वसाहतींत ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर ठेवू देत नाहीत, मग महिन्याचं भाडं भरून जागा शोधावी लागते. लायसन्सचे नियम राज्याचे असतात. कॅलिफोर्नियात साध्या क्लास सी लायसन्सवर दहा हजार पाउंडांपर्यंतचा ट्रेलर चालतो, पण ओढताना वेगाची मर्यादा ५५ मैल. लांबीचंही बघा. ग्लेशियर नॅशनल पार्कातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब जोडी नेऊ देत नाहीत, आणि तुमचा एकटा पिकअपच जवळजवळ तेवढा भरतो.

फोडणी ट्रेलरमध्ये करू नका. पहिल्या मोहरीलाच धुराचा अलार्म अख्ख्या कॅम्पग्राउंडला उठवतो. शेगडी बाहेर टेबलावर मांडा. वासाने शेजारी येतात, त्यातूनच ओळखी होतात.

रिव्हर्स शिकायला रविवारी एखाद्या शाळेचं रिकामं पार्किंग गाठा. हात स्टीअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरची शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात सरकवा. मागे उभं राहून दिशा सांगणाऱ्याशी आधी खुणा ठरवून घ्या आणि ती व्यक्ती आरशात दिसली नाही की गाडी थांबवा. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण याच विषयावर झालंय.

पहिल्या सहलीला पन्नास मैलांवर थांबा. चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, ट्रक-ट्रेलर जोडणाऱ्या साखळ्या हिचखाली एकमेकींवरून फुलीसारख्या गेल्यात का बघा, आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बघून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.