नोकरी सोडून शिक्षक झालात? आधी चिठ्ठ्या फाडायला शिका

“समजलं का?” मी विचारलं. “हो सर!” अख्खा वर्ग एका सुरात. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या, तर उणे पाचातून उणे तीन वजा करणं जेमतेम सहा जणांना जमलं होतं. पंधरा वर्षं हिशेब तपासण्यात घालवली, आणि पहिल्याच आठवड्यात साध्या वजाबाकीने घाम फोडला.

दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्यांची गोची बहुधा इथेच होते. विषय येत असतो, पण तो आपल्यालाही एकेकाळी येत नव्हता हेच विसरायला झालेलं असतं. दोन उणे शेजारी आले की अधिक, हे माझ्या हाताला पाठ होतं. का, ते सांगता येईना. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली हाच फरक मांडला होता: विषयाचं ज्ञान वेगळं आणि तो विषय शिकवण्याचं ज्ञान वेगळं. मुलं नेमकी कुठे अडखळतात, कुठलं उदाहरण लागू पडतं, हे दुसऱ्यात येतं. प्रशिक्षणात मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. मग एके दिवशी कर्जाच्या पाच चिठ्ठ्या एका मुलाच्या हातात दिल्या आणि त्यातल्या तीन फाडून टाकल्या. “आता किती कर्ज उरलं?” “दोन!” उणे दोन. खडूला हातही लावावा लागला नाही.

माझ्या मार्गदर्शक बाई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. सुरुवातीला ते जरा टोचलं, खोटं कशाला बोलू. त्या शेवटच्या बाकावर दहा मिनिटं बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “सर, प्रश्न विचारल्यावर तुम्ही थांबतच नाही.” मोबाइलवर तास रेकॉर्ड करून ऐकला. खरंच, सेकंदभरात मीच उत्तर देत होतो. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांची हीच सवय मोजली होती. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारेही बोलतात. ऑफिसात मीटिंगमधली शांतता म्हणजे कुणीतरी तयारी न करता आलंय, असा अर्थ. तो अंगातून जायला मला अर्धं वर्ष लागलं.

आता मी नवख्यांच्या तासाला बसतो. शाळांना माझं एकच सांगणं असतं: “अनुभवी माणूस आहे” म्हणून पहिल्याच वर्षी सगळ्यात दंगेखोर वर्ग आणि वर स्नेहसंमेलन त्यांच्या गळ्यात मारू नका. शक्य असेल तर एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या द्या. सकाळी फसलेला धडा दुपारी सुधारता येतो. आणि नवख्यांनो, जुन्या नोकरीचे किस्से जपून सांगा. तास कसा खाऊन टाकायचा, हे पोरांना बरोबर कळतं.

परवा एका माजी मॅनेजरांनी तास संपल्यावर विचारलं, “कसा झाला?” मी म्हटलं, “खिडकीजवळच्या मुलीने दोनदा हात वर केला होता. दिसला?” नव्हता दिसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल फळ्यासमोरून हलवून खिडकीकडे नेलं.