दुपार वगळून खानदेश

होळी पेटली की खानदेशातल्या लॉजचं रजिस्टर कोरं पडायला लागतं. अजिंठ्याला जाणारे जळगाव स्टेशनवर उतरतात आणि तसेच पुढे निघून जातात. शेतातल्या भरीत पार्ट्या संपलेल्या असतात. हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यापुरते आलेले पक्षीसुद्धा परतीच्या वाटेला लागलेले असतात. मी बॅग काढतो ती नेमकी तेव्हा. प्रवासावर लिहून पोट भरणाऱ्याला सीझनचे दर झेपत नाहीत, हे त्याचं पहिलं कारण, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. दुसरं कारण दोन-तीन उन्हाळे फिरल्यावर कळलं. सातपुड्याची पानं गळली की डोंगराची हाडं दिसतात. घळी, कपारी, जुन्या पायवाटा, पावसाळ्यात हिरवळीने झाकून ठेवलेलं सगळं उघडं पडतं. त्यात मध्येच एखादा पळस नुसता पेटलेला असतो.

ज्यांना चैत्र-वैशाखात इकडे यायचंय, त्यांच्यासाठी माझी तयारी सांगतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ही तयारी हौसेची नाही.

सगळ्यात आधी घड्याळ बदला. इथे दुपार ही रात्र समजायची. पहाटे साडेचारला उठायचं, पाचला बाहेर पडायचं, दहाच्या आत सावलीला यायचं. मग संध्याकाळी पाचपर्यंत जग बंद. गावातही तसंच असतं. बाजारपेठेत अर्धी शटरं खाली, ओट्यावर कुत्रंही दिसत नाही. दिवसाला पाच ठिकाणं बघायचा बेत घेऊन येणाऱ्याने हिवाळ्यात यावं. उन्हाळ्यात सकाळी एक आणि संध्याकाळी अर्धं, एवढंच होतं.

मधले सात तास तुम्ही खोलीत काढणार, म्हणून खोलीची चौकशी दगडी मंदिराच्या चौकशीपेक्षा जास्त बारकाईने करा. फोनवर ‘कूलर आहे का’ एवढंच विचारलं तर उत्तर नेहमी ‘आहे’ असंच येतं. एका तालुक्याच्या गावी मला मिळालेला कूलर खरोखरच होता, त्याच्या टाकीत टाकायला पाणी मात्र नव्हतं. दुपारभर तो मला भट्टीची हवा घालत राहिला. तेव्हापासून तीन प्रश्न विचारतो. कूलरला पाणी कोण भरतं? खोली शेवटच्या मजल्यावर आहे का? लाइट गेली तर किती वेळ जाते? स्लॅबखालची खोली रात्री दोनपर्यंत तापलेली असते. तळमजल्याची, मागच्या अंगाची, खिडकीतून काहीही न दिसणारी खोली मागा. इथे सी-व्ह्यू नाही, त्यामुळे चुकत काहीच नाही.

आता बॅग. कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे आणि फिकट रंगाचे. अर्ध्या चड्डीत फिरणारे पाहुणे दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांना कोरफड चोळताना पाहिलेत. टोपीपेक्षा मोठा पांढरा सुती रुमाल चांगला, कारण तो कानावरून घेता येतो. लू कानात शिरते असं इथली म्हातारी माणसं सांगतात आणि दुपारी एकदा स्टँडवर उभं राहिलं की ते पटतं. तोच रुमाल ओला करून मानेवर टाकता येतो, भाकरी बांधता येते, एसटीत सीट धरता येते. कांदा खिशात ठेवा, असंही कुणीतरी हमखास सांगेल. मी ठेवतो, आणि दहा वाजता मिठाबरोबर खाऊन टाकतो.

पाणी माणशी चार लिटर, सकाळच्या फेरीसाठीसुद्धा. बाटलीला ओलं फडकं गुंडाळा. जुन्या बाजारात छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, मिळाली तर तीच घ्या. जाड कापडातून पाणी झिरपतं, हवेने सुकतं आणि आतलं गार राहतं. पूर्वी ट्रकच्या आणि जीपच्या बाजूला ती लटकलेली दिसायची. जलसंजीवनीची पाकिटं औषधाच्या दुकानातून घ्या, नसली तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. घाम यायचा थांबला, डोकं ठणकायला लागलं, बोलणं अडखळलं, तर तो माणूस ‘जरा दमलाय’ असं म्हणत बसू नका. सावलीत आडवा करा, अंग ओलं करा, वारा घाला आणि गाडी दवाखान्याकडे वळवा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. साक्री तालुक्यातल्या भामेरच्या गडाखाली आम्ही एकदा पोहोचलो तेच साडेदहाला. रात्री गप्पा लांबल्या होत्या, एवढंच निमित्त. गडाच्या पायथ्याला गाव, वर कातळात कोरलेल्या लेण्यांच्या रांगा. खालूनच त्या दिसतात आणि बोलावतात. गावातल्या शेवटच्या घराच्या ओट्यावर एक आजी गहू निवडत बसली होती. तिने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “एवढा उनमा कथा चालना रे भाऊ? गड काय पयी जाई का?” एवढ्या उन्हात कुठे निघालात, गड काय पळून जाणार आहे का, असं तिचं म्हणणं. आम्ही हसून पुढे गेलो. अर्ध्या वाटेवर माझ्या सोबत्याचे पाय थरथरायला लागले, तोंड पांढरं पडलं. एका कोरीव खोलीच्या सावलीत त्याला तासभर झोपवला आणि उरलेलं सगळं पाणी त्याच्यावर संपवलं. उतरलो तेव्हा आजीने काही न बोलता तांब्या पुढे केला. तो गड पुढच्या खेपेला पाहिला, सकाळी सहाला. लळिंगलाही हाच नियम. हमरस्त्याला लागून आहे, धुळ्याहून जवळ आहे म्हणून ‘जाता जाता’ चढायला जाऊ नका.

गाडी स्वतःची असेल तर टायर आणि कूलंट बघून घ्या, नसेल तर एसटी आहेच. वेळ मात्र स्टँडवरच्या चौकशी खिडकीतच विचारा आणि परतीची शेवटची गाडी कोणती, ते आधी. रेल्वेने यायचं तर सुरत-भुसावळ मार्गावरची सकाळची गाडी धरा. मार्चच्या आत आलात तर नंदुरबारजवळ उघड्या मैदानांवर वाळत घातलेली लाल मिरची दिसते, एकरच्या एकर. डब्यातली माणसं शिंकायला लागली की नंदुरबार आलं समजायचं.

जायचं कुठे? एकच जागा निवडायची तर तोरणमाळ. शहाद्याहून साधारण ५५ किलोमीटर, शेवटी सातपायरी घाटाची वळणं, आणि वर अकराशे मीटरहून अधिक उंचीवरचं पठार. खाली अंग भाजत असताना वर रात्री चादर लागते. पेट्रोल शहाद्यातच भरा, नोटा खिशात ठेवा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण घाटात रेंज येते-जाते. खोल्या मोजक्या आहेत, तेव्हा ऑफ सीझन असला तरी आधी फोन करा. सीताखाईचा धबधबा कोरडा असणार, हे मनाशी धरून जा. त्या कोरड्या कड्याच्या टोकाशी बसलं की दरीची खोली जास्त कळते, हे माझं मत. यशवंत तलावाकाठी संध्याकाळी गुरं पाण्यावर येतात, तेवढी गर्दी.

दुर्बीण जरूर घ्या. याच भागात, शहाद्याजवळच्या जंगलात, नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा पुन्हा सापडला. १८८४ नंतर त्याची खात्रीशीर नोंदच नव्हती, जगाने तो संपला असं धरलं होतं. अमेरिकेतून आलेल्या पक्षीतज्ज्ञांनी तो शोधला. हे छोटं घुबड दिवसाही जागं असतं, आणि निष्पर्ण सागावर बसलेलं असलं तर उन्हाळ्यातच दिसायची शक्यता जास्त. मला तो चार खेपांत एकदा दिसला, तोही पाठमोरा. त्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलवायचा उद्योग करू नका.

पहाटे मोहाच्या झाडाखाली एकदा तरी उभं राहा. अंधारातच फुलं गळायला लागतात, टप्, टप्, वाळक्या पानांवर. फिकट पिवळी, मांसल, मण्यासारखी फुलं, हातात घेतली तर चिकट. वास गोड आणि जड, रिकाम्या पोटी घेतला तर डोकं किंचित भणभणतं. पाड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन आलेल्या असतात, वाकून दोन्ही हातांनी वेचतात, बोलत नाहीत. कुठलं झाड कुठल्या घराचं हे ठरलेलं असतं, तेव्हा आठवण म्हणूनसुद्धा मूठभर उचलू नका. विचारल्याशिवाय फोटोही नको. आणि काडी पेटवायची नाही, चहासाठीही नाही. या दिवसांत ठिणगीचा वणवा व्हायला वेळ लागत नाही. मोह अस्वलालाही आवडतो, म्हणून पाड्यावरचा कोणीतरी सोबत असू द्या.

दुसरी जागा चाळीसगावजवळची पाटणादेवी. गौताळा अभयारण्य असल्याने नाक्यावर नोंद करावी लागते, ओळखपत्र ठेवा. केदारकुंड कोरडं असलं तरी कड्यांनी वेढलेलं देऊळ सकाळी सातला बघण्यासारखं असतं. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, तसा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख इथल्याच पाटणला सापडला. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. गणित नकोसं वाटणाऱ्यांनीही जावं. चोपड्याकडचं उनपदेव मात्र हिवाळ्यासाठी ठेवा. गरम पाण्याचा झरा बघायला वैशाखात कोण जातं!

तारखा ठरवताना पंचांग बघा. वैशाख शुद्ध तृतीयेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात, आणि बाप्ये पारावर पत्ते कुटतात. त्या दोन-चार दिवसांत एसटीला उभं राहायला जागा नसते, हॉटेलांतले आचारीही गावी गेलेले असतात. जेवणाची सोय आधी करा किंवा ओळखीच्या घरी जा. तिथे खापरावरची पातळ पुरणपोळी आणि आमरस पुढ्यात आला, तर त्यानंतर काही बघायचा बेत ठेवू नका.

एरवी खाण्याचं सोपं आहे. उन्हाळ्यात वांग्याचं भरीत मागू नका. मिळेल, पण ते हिवाळ्यातलं भरीत नव्हे, आणि उगाच नाव खराब कराल. शेवभाजी बारमाही. तिखट झेपत नसेल तर ‘कमी तिखट’ म्हणू नका, इथे त्याला अर्थ नाही. सोबत ताक घ्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा पहाटेच्या डब्याला उत्तम, दहापर्यंत टिकतो.

बॅगेचा एक कप्पा येताना रिकामा ठेवा. हे दिवस वाळवणाचे. सकाळी गच्च्यांवर आणि खाटांवर कुरडया, बिबडे, पापड पसरलेले असतात आणि रस्त्यावरून जाताना कुणी बाई चिकाची वाटी हातात देते. गव्हाचा गरम चीक, वर तेलाची धार. ‘चव पाहा’ म्हणते, आणि चव पाहून झाली की ओल्या फडक्यातल्या नाहीतर कालच्या वाळलेल्या कुरडयांची पिशवी भरायला लागते. नको म्हणायचं नाही. फक्त ती पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवा, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत भुगा होतो.