सव्वा महिना बाळंतिणीने काय पाळावं

उपकेंद्रात नर्स म्हणून माझी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, तरी दिवस भरत आलेल्या लेकी-सुना घरी येऊन विचारतात, "मावशी, बाळंतपणात काय पाळू?" मी आधी पाण्याचं सांगते.

पाणी प्यायलं की पोट सुटतं म्हणून बाळंतिणीला घोटघोट पाणी देणारी घरं अजून आहेत. पोरी, हे मुळीच ऐकू नकोस. अंगावर पाजायचं तर तहान लागणारच. उशाशी तांब्या ठेव. बाळाला पाजायला घेशील तेव्हा आधी तू भांडंभर पी. पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो, आणि टाके ओले असताना कुंथणं फार जिवावर येतं. वरणभात-तूप, पालेभाजी पोटभर खा. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू खा, पण त्यावर जेवण भागवू नकोस. लोहाची गोळी 180 दिवस घ्यायची, कॅल्शियमही सहा महिने. दोन्ही एकाच वेळी नकोत, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी तर नकोच नको. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवाला धोका. कंबर शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरते. सिझेरियनच्या टाक्यांना तेल लावू नकोस, ते कोरडे ठेव. खालचे टाके कोमट पाण्याने पुढून मागे धुऊन टिपून घे.

अंगावरून आधी लाल जातं, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरं. चार ते सहा आठवडे चालतं. पण तासाभरात पॅड भिजलं, घाण वास आला, थंडीताप भरला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, एकच पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच 108 ला फोन. गरोदरपणात बीपी ठीक होतं म्हणून निर्धास्त राहू नकोस, ते बाळंतपणानंतरही चढतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं, तेव्हाच उगाच रडूही येतं. बहुतेकींचं ते दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं, बाळ नकोसं वाटलं, जगू नये वाटलं, तर लगेच घरात सांग, डॉक्टरांकडे जा. टेली मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, तिचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत.

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येते. बाळाचं वजन झालं की तिला उठू देऊ नकोस. आपले टाके, आपलं दुखणं दाखव. आणि पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात, तेव्हा तांबीचं वगैरे तिलाच विचारून ठेव.