साइजोमध्ये साके चाखायला शिकताना

हिरोशिमा स्टेशनवरून सान्यो मार्गाची लोकल पकडली की चाळीसेक मिनिटांत साइजो येतं. शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने येणारे हिगाशी-हिरोशिमाला उतरतात आणि तिथेच फसतात. ते स्टेशन वेगळं, तिथून पुन्हा बस किंवा टॅक्सी करावी लागते. साइजोत बाहेर पडलात की विटांची उंच धुराडी दिसतील. त्यांच्या खाली साकागुरा, म्हणजे साके (तांदूळ आंबवून केलेली जपानी दारू) बनवणारी जुनी घराणी, पायी फिरता येतील इतक्या जवळजवळ आहेत.

आधी साके मागू नका, पाणी प्या. इथे बऱ्याच साकागुरांनी आपल्या विहिरीचं पाणी बाहेर नळाला किंवा दगडी कुंडीत खुलं ठेवलंय. साकेत सुमारे ८० टक्के पाणीच असतं. ते पाणी जिभेवर ठेवून मग त्याच घराचा साके चाखला, तर अर्धा धडा तिथेच होतो.

हिरोशिमाच्या साकेची सारी कहाणीच पाण्याची आहे. कोबेजवळच्या ‘नादा’ या साके-भागाचं पाणी खनिजांनी भरलेलं, त्यात यीस्ट जोमाने वाढतं. हिरोशिमाच्या मृदू पाण्यात ते रेंगाळायचं आणि आंबवण मध्येच बिघडायचं. जवळच्या आकित्सू भागातले साके बनवणारे मिउरा सेन्झाबुरो यांनी यावर तोड काढली: कोजीची, म्हणजे तांदळातल्या स्टार्चची साखर करणारी, बुरशी दाण्यात नीट आतपर्यंत मुरू द्यायची आणि आंबवण कमी तापमानात, सावकाश करायची. १८९८ मध्ये त्यांनी ही पद्धत छापून सगळ्यांना खुली केली. आजचा सुवासिक गिन्जो साके याच वाटेने आला. तांदूळ खोलवर घासणं शक्य झालं, त्यामागेही साइजोच आहे. इथल्या साताके यांचं यंत्रशक्तीवर चालणारं सडाईचं यंत्र १८९६ चं.

लेबलवर घासलेल्या तांदळाची टक्केवारी असते आणि नवखे ती हमखास उलटी वाचतात. ६० टक्के म्हणजे दाण्याचा ६० टक्के भाग उरला, ४० टक्के कोंड्यात गेला. गिन्जोला ६० किंवा कमी, दायगिन्जोला ५० किंवा कमी लागतं. ‘जुन्माई’ लिहिलं असेल तर तांदूळ, कोजी आणि पाणी एवढंच. नसेल तर थोडं शुद्ध अल्कोहोल घातलेलं असतं. ती भेसळ नव्हे, त्याने सुगंध मोकळा होतो आणि घोट हलका लागतो. अधिक-उणे चिन्हाचा आकडा घनतेचा. साखर असली की द्रव जड होतो, म्हणून उणे म्हणजे गोडसर आणि अधिक म्हणजे कोरडा. पण एकट्या आकड्यावर विसंबू नका. उणे ३ चा साके आम्लता चांगली असेल तर गोड वाटतच नाही.

आता प्रत्यक्ष चाखणं. पांढऱ्या पेल्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळं असतात, ती शोभेची नाहीत. पांढऱ्यावर पिवळसर झाक कळते, निळ्याच्या कडेवर गढूळपणा. पेला नाकाशी नेऊन आधी नुसता वास घ्या, मग हलवून पुन्हा. साधारण ५ मिली, चहाचा एक चमचा, तोंडात घ्या. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा आणि पाचेक सेकंद द्रव जिभेभर फिरवा. थुंका, मग नाकाने श्वास सोडा. खरा सुगंध या सोडलेल्या श्वासात सापडतो. हलक्या साकेपासून भारीकडे जा आणि एका बैठकीत पाच-सहाच्या पुढे नको, नाक थकतं. पिणार असाल तर जेवढा साके तेवढंच पाणी सोबत.

वासांना नावं देताना पाठ केलेले शब्द फेकू नका, आपलं स्वयंपाकघर आठवा. पिकलेलं केळं, सफरचंद, भाताची पेज, ताजं लोणी. केळ्याचा आणि सफरचंदाचा वास यीस्टने तयार केलेल्या वेगवेगळ्या एस्टरांचा, म्हणजे सुगंधी संयुगांचा असतो, त्यामुळे ‘फळासारखा’ म्हणून सोडून देऊ नका, कोणतं फळ ते ठरवा. दोषही असेच ओळखता येतात. मुरलेल्या मुळ्याच्या लोणच्यासारखा, गंधकाकडे झुकणारा वास आला तर बाटली उष्णतेत जुनी झालीय. जळक्या केसांची आठवण झाली तर तिला ऊन लागलंय. ताका-लोण्याचा वास बाकी सगळ्यावर स्वार झाला असेल, तर तो आंबवणातला बिघाड.

मग तापमान. हा भाग सर्वांत समृद्ध आणि नवखे नेमका हाच टाळतात. एकच जुन्माई १०, २० आणि ४५ अंशांवर चाखा. पातेल्यात पाणी उकळून आच बंद करा, साके भरलेली तोक्कुरी (साकेची छोटी सुरई) मानेपर्यंत बुडवा आणि थर्मामीटर ४५ दाखवताच काढा. दोन-तीन मिनिटं पुरतात. थंड असताना मुका वाटणारा जुन्माई इथे बोलायला लागतो, भाताची गोडी वर येते. सुवासिक दायगिन्जो मात्र इतका तापवू नका, त्याचा नाजूक सुगंध उडतो आणि अल्कोहोल नाकात चढतं.

साकागुरात जाण्याच्या दिवशी अत्तर नको आणि नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीनही खाऊ नका. नात्तोचे जिवाणू उकळीतही टिकतात आणि कोजीच्या खोलीत शिरले तर कोजी चिकट होऊन वाया जाते. जपानात वयाची अट २० वर्षांची आहे, आणि प्यायल्यावर गाडीच काय, सायकल चालवणंही गुन्हा आहे.

विकत घेताना पहिल्यांदा एकाच घराच्या ३०० मिलीच्या तीन बाटल्या घ्या: होन्जोझो (थोडं अल्कोहोल घातलेला), जुन्माई, जुन्माई गिन्जो. पाणी तेच असल्याने पद्धतीतला फरक उघड दिसतो. ‘नामा’ म्हणजे टिकवण्यासाठी न तापवलेला, पाश्चरीकरण न केलेला साके प्रवासभर थंड ठेवता येणार असेल तरच घ्या. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी एकेक घोट चाखून वहीत लिहा. गिन्जोचा सुगंध आधी उतरू लागेल, जुन्माई कदाचित तिसऱ्या दिवशी जास्त गोलाई घेऊन समोर येईल.