लन वाढवण्याआधी पाथ तपासा

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात फक्त स्टोरेज बघायला माणूस ठेवलाय अशी ऑफिसं मला फारशी दिसली नाहीत. नेटवर्क ज्याच्या गळ्यात, बॅकअपही त्याच्याच गळ्यात, आणि रात्री डिस्क भरली की फोनही त्यालाच. कंपनीचा इंजिनिअर नाशिकहून किंवा पुण्याहून येईपर्यंत निम्मा दिवस जातो. हे त्या एकट्या माणसासाठी लिहितोय. लन म्हणजे स्टोरेजने सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेली जागा आणि पाथ म्हणजे तिथवर जाणारा रस्ता. माझ्या ताब्यात रेड हॅटची लिनक्स मशीन्स जास्त आणि एआयएक्सचं (आयबीएमची युनिक्स) एक जुनं मशीन, म्हणून जोर लिनक्सवर आहे.

मांडणी बहुतेक ठिकाणी अशी असते: सर्व्हरमध्ये दोन एचबीए (स्टोरेजला जोडणारी कार्डं), मध्ये दोन फायबर चॅनल स्विच, पलीकडे दोन कंट्रोलरचं स्टोरेज. प्रत्येक एचबीएला दोन्ही कंट्रोलर दिसले की एकच लन सर्व्हरला चार वेळा दिसतो: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. जळगावहून धुळ्याला पारोळ्यावरूनही जाता येतं आणि अमळनेरवरूनही, पण धुळे एकच. मल्टिपाथ (हे सगळे रस्ते एकाच डिस्कचे आहेत हे ओळखणारं सॉफ्टवेअर) नसेल तर सर्व्हर प्रत्येक रस्त्याच्या टोकाला वेगळं धुळे आहे असं धरून चालतो. मग कोणी एसडीबीवर फाइल सिस्टिम बसवतो, दुसरा एसडीडी रिकामी समजून फॉरमॅट करतो आणि डेटा जातो.

म्हणून एसडीबी वगैरे नावांवर कधीच विसंबू नका. रीबूटनंतर ती बदलू शकतात. बदलत नाही तो डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे लनचा कायमचा ओळख क्रमांक. लिनक्समध्ये तो बहुतेक वेळा ३३ अक्षरांचा असतो, सुरुवातीला ३ आणि पुढे ३२ हेक्स आकडे. स्टोरेजवाल्याकडून लन घेताना हा नंबर लेखी मागा. फोनवर बोलताना मी शेवटची सहा अक्षरं वाचून घेतो आणि समोरच्याकडून परत वाचून घेतो. ती जुळल्याशिवाय पुढची कमांड देत नाही.

डिव्हाइस मॅपर मल्टिपाथचं पॅकेज टाकलं की एमपाथकॉन्फ कमांड 'इनेबल' पर्याय लावून चालवा, कॉन्फिग फाइल तयार होते. इंटरनेटवरची कोणाची तरी जुनी फाइल आणून चिकटवू नका. ओळखीच्या बहुतेक स्टोरेजच्या सेटिंग्ज पॅकेजमध्येच असतात. तुम्ही दोनच गोष्टी ठरवायच्या. पहिली म्हणजे प्रत्येक डब्ल्यूडब्ल्यूआयडीला अर्थ लागेल असं टोपणनाव. एमपाथए, एमपाथबीपेक्षा 'ओरा_डेटा१' हे नाव रात्री दोन वाजताही कळतं. दुसरी, नो पाथ रिट्राय. सगळे पाथ गेले तर काय करायचं, ते इथे ठरतं. 'क्यू' लिहिलं तर लिहिणं-वाचणं अनंत काळ अडकून राहतं, प्रोसेस किल करूनही मरत नाहीत. 'फेल' लिहिलं तर लगेच एरर. एकट्या डेटाबेस सर्व्हरवर मी आकडा देतो: १२. दर पाच सेकंदांनी तपासणी धरली तर साधारण एक मिनिट थांबून मग एरर येते. स्विच रीस्टार्ट व्हायला याहून जास्त वेळ लागत असेल, तर आकडा वाढवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मल्टिपाथ कमांड 'डॅश एलएल' लावून चालवणं आणि जे दिसतं ते नीट वाचणं. पहिल्या ओळीत टोपणनाव आणि कंसात डब्ल्यूडब्ल्यूआयडी. दुसऱ्या ओळीत साइज. त्याखाली एएलयूए (कोणता पाथ आधी वापरायचा हे स्टोरेजच सांगतं ती पद्धत) असलेल्या स्टोरेजवर सहसा दोन गट येतात: एकाची प्रायॉरिटी ५०, दुसऱ्याची १०. पन्नासवाला गट लन ज्या कंट्रोलरच्या मालकीचा आहे त्याचा. काम त्यातूनच चालतं. प्रत्येक पाथच्या ओळीत १:०:०:१ असे चार आकडे असतात आणि त्यातला पहिला आकडा म्हणजे एचबीए. लोक 'चार पाथ, सगळे ॲक्टिव्ह रेडी' एवढं बघून खिडकी बंद करतात. तसं करू नका. दोन्ही गटांत दोन्ही एचबीएचे आकडे आहेत का ते बघा. चारही ओळी १ नेच सुरू होत असतील, तर दुसरा एचबीए नुसताच बसलाय. झोनिंग (स्विचवर कोणाला कोण दिसेल ती सेटिंग) किंवा केबल तपासा.

एक गोष्ट ही कमांडही सांगत नाही. एका ठिकाणी दोन्ही एचबीएच्या केबल एकाच स्विचमध्ये घातलेल्या मी पाहिल्या. स्क्रीनवर चार पाथ, सगळं हिरवंगार, आणि तो एक स्विच गेला की सर्व्हरच गेला. म्हणून रॅकमागे जा, केबल हाताने धरून शेवटपर्यंत जा आणि दोन्ही टोकांना लेबल लावा.

लन वाढवायचा क्रम ठरलेला आहे. आधी बॅकअप, आणि तो वाचला जातो याची खात्री. स्टोरेजवर साइज वाढली की चारही एसडी नावांना वेगवेगळं रीस्कॅन करा (सिस ब्लॉकखाली त्या डिस्कच्या डिव्हाइस फोल्डरमधल्या रीस्कॅन फाइलमध्ये १ लिहायचा). एक जरी राहिली तरी मापं जुळत नाहीत. मग मल्टिपाथडीला (मल्टिपाथची मागे चालणारी सर्व्हिस) 'रिसाइझ मॅप' आणि टोपणनाव द्या, 'डॅश एलएल'मध्ये नवी साइज दिसली की पीव्हीरिसाइझ (म्हणजे एलव्हीएमला, लिनक्सच्या जागा वाटणाऱ्या थराला, नवी साइज कळते), शेवटी एलव्हीएक्स्टेंड 'डॅश आर' लावून, म्हणजे फाइल सिस्टिमही सोबतच वाढते. हे सगळं चालू मशीनवर होतं, उतरवावं लागत नाही. त्याआधी पीव्हीएस चालवून बघा: तिथे डेव्ह मॅपरखालचं नाव दिसायला हवं. एसडी दिसलं तर एलव्हीएम एकाच पाथवर बसलंय; तिथेच थांबा आणि आधी एलव्हीएमचा फिल्टर (कोणत्या डिस्क बघायच्या ते ठरवणारी सेटिंग) सुधारा.

आणखी एक: मिळालेली सगळी जागा एका झटक्यात वाटून टाकू नका. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम वाढवता येते, कमी करता येत नाही. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमने एकत्र केलेल्या डिस्कच्या साठ्यात) थोडी जागा मोकळी ठेवली तर रात्रीच्या फोनला उत्तर देता येतं.

एआयएक्सवर सीएफजीएमजीआरने डिस्क शोधा आणि एलएसपाथने पाथ बघा. साइज वाढली की सीएचव्हीजी 'डॅश जी', मग सीएचएफएस. जेएफएस२ ही तिथली फाइल सिस्टिम लहानही करता येते, हे त्याचं सुख. मात्र एलएसअ‍ॅटरमध्ये एचचेक इंटरव्हल (पाथ किती वेळाने तपासायचा तो आकडा) ० असेल, तर पडलेला पाथ सुधारला तरी सिस्टिम तो स्वतःहून तपासत नाही. ते आजच बघून घ्या. एचपी-यूएक्स (एचपीची युनिक्स) ११आय व्ही३ मध्ये मल्टिपाथ मुळातच आहे; त्याआधीच्या आवृत्त्यांवर पीव्हीलिंक्स (त्याच डिस्कचे पर्यायी पाथ) हाताने जोडावे लागतात.

पाथ खरोखर काम देतात का, याची चाचणी मी फेब्रुवारीत घेतो. मार्चएंडला कोणी मशीनला हात लावू देत नाही, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा एसी बंद पडला की एसएफपीचे (फायबर केबल ज्यात बसते ते छोटे मॉड्यूल) हाल होतात. कामाची वेळ संपल्यावर एखादी मोठी फाइल लिहायला लावायची आणि पहिल्या स्विचवरचा या सर्व्हरचा पोर्ट बंद करायचा. दोन पाथ फेल्ड दिसले पाहिजेत आणि लिहिणं क्षणभर अडखळून पुढे चाललं पाहिजे. पोर्ट चालू करा, चारही पाथ परत आलेले डोळ्यांनी बघा, आणि मगच दुसऱ्या स्विचकडे वळा. घाई केली तर दोन्ही बाजू एकदम जातात.

लन काढताना क्रम बरोबर उलटा असतो. अनमाउंट करा, एलव्ही (लॉजिकल व्हॉल्यूम) काढा, मग व्हीजीरिड्यूस (त्या ग्रुपमधली ती शेवटची डिस्क असेल तर व्हीजीरिमूव्ह) आणि पीव्हीरिमूव्ह, मग मल्टिपाथ 'डॅश एफ', मग चारही एसडी डिस्क एकेक करून डिलीट. हे सगळं झाल्यावरच स्टोरेजवाल्याला लन काढून घ्यायला सांगा. त्याने आधी काढला, तर मेलेले पाथ मशीनवर लटकत राहतात आणि त्यांच्या मागे लागलेल्या कमांडही हँग होतात. त्यामुळे फोन ठेवण्याआधी 'मी निरोप दिल्याशिवाय हात लावू नका' हे त्याच्याकडून कबूल करून घ्या, आणि त्याच्या स्क्रीनवरची शेवटची सहा अक्षरं पुन्हा एकदा वाचून घ्या.