आरव्ही हिवाळ्यात उभी करताय? या चुका टाळा

टाकी रिकामी केली, नळ उघडे ठेवले, झालं काम! अमेरिका-कॅनडात आरव्हीचं, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीचं, हिवाळ्यात बरंच नुकसान या समजुतीतून होतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पेक्सचे (लवचीक प्लॅस्टिकचे) पाइप थोडंफार ताणून घेतात. तडकतात ते प्लॅस्टिकचे जोड, पंपाचं डोकं आणि टॉयलेटची झडप. वळणात अडकलेलं कपभर पाणी त्याला पुरतं. म्हणून पाणी काढल्यावर लाइनमध्ये हवा तरी मारावी लागते, नाहीतर अँटीफ्रीझ (थंडीत पाइप फुटू न देणारा द्रव) भरावं लागतं. मिनेसोटासारख्या थंडीत दोन्ही करावं.

हवा मारताना दाब ४० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास ठेवा, ५० च्या वर नेऊ नका. एखादा नळ आधी उघडा, मगच हवा सोडा.

सगळ्यात खर्चिक चूक वॉटर हीटरची. बायपास (पाणी हीटरच्या टाकीला वळसा घालून नेणारी झडप) न फिरवता अँटीफ्रीझ भरलं, तर पहिले ६ किंवा १० गॅलन नुसते त्या टाकीत जिरतात. बायपास केला, तर २ ते ३ गॅलनमध्ये बहुतेक गाड्यांचं भागतं. हीटरचा गॅस आणि वीज बंद करा, पाणी पूर्ण निवू द्या, गरम नळ उघडून दाब सोडा आणि मगच बूच काढा. सबर्बन कंपनीच्या हीटरला तिथे अॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः गंजणारा धातूचा दांडा, असतो. तो झिजून आतली तार दिसू लागली असेल तर बदला. हीटरच्या विजेच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा, कारण रिकाम्या टाकीत एलिमेंट जळायला वेळ लागत नाही.

अँटीफ्रीझ गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं घ्या. इंजिनातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते पिण्याच्या लाइनमध्ये कधीच नको. डब्यावर उणे ५० फॅरनहाइट लिहिलेलं असतं ते पाइप न फुटण्याची हमी म्हणून. द्रव त्याच्या कितीतरी आधी बर्फाच्या लगद्यासारखा होतो, त्याला घाबरू नका. पुरवठ्याला यावं म्हणून त्यात पाणी मात्र घालू नका. पिण्याच्या टाकीत ओतलं तरी तळाच्या पाण्याने ते पातळ होतंच, म्हणून पंपाच्या ओढ बाजूला (जिथून तो पाणी आत खेचतो) नळी जोडून थेट डब्यातून खेचा. त्याआधी फिल्टरचं काडतूस काढून ठेवा.

पंपाजवळच्या नळापासून सुरुवात करून गरम आणि थंड बाजू वेगवेगळ्या उघडा, गडद गुलाबी येईपर्यंत. हटकून विसरतात ते बाहेरचा शॉवर, टॉयलेटचा फवारा, आइसमेकर, वॉशिंग मशीन. बाहेरून पाणी जोडायच्या तोंडाची एकदिश झडपही राहते. पंप बंद करून दाब सोडा, जाळी काढा आणि झडप हलकेच आत दाबा. गुलाबी थेंब आले की झालं. शेवटी प्रत्येक मोरीच्या जाळीत कपभर अँटीफ्रीझ ओता.

गाडीत राहूनच थंडी काढणाऱ्यांची चूक वेगळी. गॅस वाचवायला विजेचा हीटर लावतात. आतली माणसं उबदार राहतात, पण फर्नेस (गाडीचा गॅसवरचा हीटर) चालत नाही आणि पोटाखालच्या टाक्यांना मिळणारी गरम हवाच थांबते. सांडपाण्याची झडपही उघडी ठेवू नका. थेंब थेंब गळून ती नळी आतून गोठते. टाकी भरली की एकदम सोडा.

गोठलंच तर नळ उघडा ठेवून, नळाच्या टोकाकडून सुरू करून हेअर ड्रायरने शेका. उघडी ज्योत नको.

वसंतात लाइन धुऊन, सगळे नळ बंद ठेवून पंप लावा. दाब भरला की तो थांबला पाहिजे. दर काही मिनिटांनी परत चालू झाला तर कुठेतरी गळतंय: आधी टॉयलेटमागे, मग बाहेरच्या शॉवरपाशी आणि सिंकखाली हात फिरवा. पंप फिरतोय पण पाणी नाही? ओढ बाजूची झडप अजून अँटीफ्रीझच्या नळीकडे आहे का बघा. पाणी येतंय पण तापत नाही, तर बायपास उलटा फिरवायचा राहिलाय.